ख्रिस्त सेवा संघ

पुण्याच्या शिवाजीनगर भागात आश्रम असलेला अँग्लिकन पंथीयांचा बंधुसंघ. स्थापना अहमदनगर, १९२२. संस्थापक जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) गाढ छाप होती. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनी १९२३ मध्ये लिहिले. प्रभुभोजनाच्या उपासनेला भारतीय वळण मिळावे, हा त्यांचा जुना आग्रह. आश्रमात इंग्रज आणि भारतीय एकाच पंगतीला जमिनीवर जेवत. आहार शाकाहारी, अंगावर खादी.

ही राहणी खपून गेली. पेच पडला तो १९३० च्या कायदेभंगात. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात राजाला आरोग्य आणि दीर्घायुष्य मागणारी प्रार्थना आहे, आणि त्याच राजाचे सरकार सत्याग्रहींना तुरुंगात धाडत होते. १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून संघात आलेल्या व्हेरिअर एल्विन यांनी उघड बाजू घेतली. सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणीशी जुळतो, हे मांडणारी ‘ख्राइस्ट अँड सत्याग्रह’ ही पुस्तिका त्यांनी १९३० मध्ये काढली. विन्स्लोंनाही स्वराज्याबद्दल सहानुभूती होती. पण प्रार्थनेसाठी जमलेल्या मंडळीने चळवळीत किती उतरावे, यावर एकमत होणे कठीणच होते. १९३१ मध्ये एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे संघातून बाहेर पडले.

४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा हे दोघे तेथेच मुक्कामाला होते. त्याच महिन्यात ते तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहायला गेले. हा मुलूख नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीत. राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय धर्मोपदेशकाचा परवाना देण्यास बिशप अलेक्स वुड तयार नव्हते आणि शपथ घेण्यास एल्विन तयार नव्हते. बिशपांनी नियमावर बोट ठेवले हे खरे, पण त्या नियमाने श्रद्धेआधी राजनिष्ठा तपासली. एल्विन यांनी १९३५ मध्ये चर्च सोडले. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले.

विन्स्लो १९३४ मध्ये मायदेशी परतले. पुण्याच्या आश्रमात १९७२ पासून कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनी एकत्र राहू लागल्या. आज तो ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून ओळखला जातो.