तारनाक्याचे पेलाग्रा संशोधन आणि मेलाटोनिन

तारनाका येथील आजची राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आली. त्याच वर्षी अमेरिकेत एरॉन लर्नर यांनी मेलाटोनिन वेगळे केले. दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई. त्वचा काळवंडे, जुलाब लागत, मनही बिघडे. १९६० मध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील जादा ल्युसिनशी जोडला.

नायसिन, सेरोटोनिन व मेलाटोनिन ही तिन्ही शरीरात ट्रिप्टोफॅनपासून बनतात. सिंगापूरमधील २००५ च्या चाचणीत आतड्याचा क्षोभ व निद्रानाश असलेले ४० रुग्ण होते. दोन आठवडे ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन घेणाऱ्यांची पोटदुखी कमी झाली. झोप मात्र सुधारली नाही. एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही. परंतु पोटाची तक्रार मनाचा भास म्हणून झटकता येणार नाही, हे यावरून स्पष्ट होते.