जगज्जेत्याचा अपराध

आखाड्यात उतरलेल्या दोन वीरांत श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यास पंडितांची सभा भरवावी लागत नाही. उभा राहिला तो जिंकला, पडला तो हरला. इतका रोकडा न्याय व्यवहारात क्वचितच पाहावयास मिळतो. परंतु हा न्याय व्हावयाचा तर दोघांनाही आधी आखाड्यात उतरू दिले पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णी मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन याचे चरित्र मननीय ठरते ते याच कारणाने. प्रथम त्याला आखाड्याबाहेर ठेवण्यात आले; आणि आत शिरल्यावर तो हरेना, तेव्हा त्याच्याशी बाहेर लढण्यात आले.

जॉन्सनचा जन्म टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरात ३१ मार्च १८७८ रोजी झाला. त्याचे आईबाप दोघेही एके काळचे गुलाम. टेक्सासातील गुलामांची सुटका होऊन तेव्हा तेराच वर्षे लोटली होती. शालेय शिक्षण थोडके झाले आणि कोवळ्या वयातच गोदीत राबण्याची पाळी आली. १९०१ साली जो चॉयन्स्की नावाच्या कसलेल्या मुष्टियोद्ध्याने त्याला गॅल्व्हेस्टन येथे तिसऱ्याच फेरीत लोळविले. त्या प्रांतात असल्या झुंजींना कायद्याने मनाई होती. म्हणून जेता व पराजित या दोघांचीही रवानगी तुरुंगात झाली. तेथील सुमारे तीन आठवड्यांच्या मुक्कामात चॉयन्स्कीने आपली विद्या या तरुणास मोकळ्या मनाने दिली. तुरुंगाची पाठशाळा झाल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. हे त्यांतलेच एक.

पुढे जॉन्सनची जी शैली प्रसिद्धीस आली, तिचे मर्म बचावात होते. प्रतिपक्ष्याचे ठोसे हातावर झेलावे, अंग किंचित मागे घ्यावे, समोरचा दमून उघडा पडेपर्यंत धीर धरावा आणि मग अचूक प्रहार करावा, अशी त्याची रीत. हे सारे चालू असता तो हसे, प्रतिस्पर्ध्याशी व प्रेक्षकांशी बोले. हे हसू अनेक गोऱ्या प्रेक्षकांना ठोशांहून अधिक झोंबले.

१९०३ साली तो कृष्णवर्णीयांचा अजिंक्यवीर झाला. परंतु जगाचे अजिंक्यपद गोऱ्यांच्या ताब्यात होते, आणि त्या पदासाठी काळ्याशी लढावयाचे नाही असा त्यांचा दंडक होता. जिम जेफ्रीज हा अजिंक्यवीर तो दंडक पाळूनच १९०५ साली निवृत्त झाला. त्यानंतर ते पद कॅनडाच्या टॉमी बर्न्सकडे आले. जॉन्सनने त्याचा पाठलाग इंग्लंडपर्यंत, तेथून ऑस्ट्रेलियापर्यंत केला. अखेर ३०,००० डॉलर मिळण्याची हमी घेऊन बर्न्स तयार झाला; जॉन्सनच्या वाट्याला ५,००० आले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे चौदाव्या फेरीत बर्न्सची अशी दशा झाली की पोलिसांनी झुंज थांबविली. चित्रीकरणही तेथेच बंद करण्यात आले.

आता गोऱ्यांची लाज राखण्यासाठी जेफ्रीजने परत यावे, असा धोशा सुरू झाला. जॅक लंडनसारख्या नामांकित लेखकाची लेखणीही त्या कामी झिजली. ४ जुलै १९१०, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेव्हाडातील रीनो शहरी सुमारे वीस हजार प्रेक्षकांसमक्ष जेफ्रीज पंधराव्या फेरीत कोसळला. पूर्वी त्याला कोणी खाली पाडले नव्हते. ही वार्ता पसरताच गावोगावी दंगली उसळल्या. त्यांत प्राणास मुकलेले बहुतेक कृष्णवर्णीच होते. १९१२ साली मुष्टियुद्धांचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदा झाला. तत्पूर्वी १९११ साली जॉन्सनची लंडन येथे ठरलेली झुंज चर्चिलच्या गृहखात्याने होऊ दिली नव्हती. काळ्या माणसाने गोऱ्यास लोळविलेले पाहून साम्राज्यातील प्रजेच्या मनावर काय परिणाम होईल, ही चिंता त्या वेळी उघड बोलली गेली. त्या प्रजेत आपणही होतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मुष्टीने जे साधले नाही ते कायद्याने साधले. स्त्रियांच्या अनीतिमान व्यापारास आळा घालण्यासाठी १९१० साली झालेला कायदा जॉन्सनवर चालविण्यात आला. गोऱ्या स्त्रियांशी त्याचा उघड संबंध होता, हेच त्यामागील खरे शल्य. ल्यूसिल कॅमेरॉन हिने त्याच्याविरुद्ध साक्ष देण्याचे नाकारले आणि १९१२ च्या डिसेंबरात त्याच्याशी विवाह केला. मग एका जुन्या मैत्रिणीला पुढे करण्यात आले. १९१३ साली केवळ गोऱ्यांच्या पंचांनी त्यास दोषी ठरविले. शिक्षा झाली एक वर्ष व एक दिवस. तो देश सोडून पळाला. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, साडेसहा फूट उंचीच्या जेस विलर्डने सव्विसाव्या फेरीत त्याला हरविले. १९२० साली तो स्वदेशी परतला, शरण आला व शिक्षा भोगून १९२१ साली सुटला.

जॉन्सन हा साधुपुरुष नव्हता. पैशाची उधळपट्टी, बेफाम मोटारी, पत्नीस दिलेली कठोर वागणूक, हे दोष झाकण्यासारखे नाहीत. बुकर टी. वॉशिंग्टन यांनीही त्याची जाहीर निर्भर्त्सना केली. याहून विषादाची गोष्ट अशी की, स्वतः अजिंक्यवीर झाल्यावर सॅम लँगफर्डसारख्या तोलामोलाच्या कृष्णवर्णी वीरास त्याने ती संधी दिली नाही. जो दरवाजा त्याने स्वतःच्या खांद्याने फोडला, तो आपल्या बांधवांसाठी त्याने उघडा ठेवला नाही.

तथापि येथेच एक प्रश्न उभा राहतो. १९३७ साली जो लुई हा दुसरा कृष्णवर्णी जगज्जेता झाला, तेव्हा पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसू नये, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू नये, अशी पथ्ये त्याच्या चालकांनी त्याला घालून दिलेली होती. गोऱ्या विजेत्याला अशी पथ्ये कोणी सांगितली होती? हक्क हे सद्वर्तनाचे पारितोषिक ठरले, की तो हक्क राहत नाही, मेहेरबानी होते. जॉन्सन दोषी होता म्हणून त्याचा छळ झाला नाही; छळ करावयाचा होता म्हणून त्याचे दोष उपयोगी पडले.

१० जून १९४६ रोजी उत्तर कॅरोलायनात मोटार अपघातात त्याचा अंत झाला. २४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याला मरणोत्तर क्षमा केली. निकालास तेव्हा एकशेपाच वर्षे होत आली होती. क्षमा अपराध्यास करावयाची असते. येथे ती कोणी कोणाची मागावयाची होती, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.