कटकट गेली, घरघर आली

दोन सीटांमधला हँडब्रेकचा दांडा ओढला की कट-कट-कट आवाज यायचा आणि त्या आवाजातच ब्रेकची तब्येत कळायची. नेहमी पाच कटला धरणारी गाडी आठ-नऊ कट मागू लागली की केबल सैल पडली किंवा मागचे लायनर झिजले, हे सांगायला मेस्त्री लागत नसे. आज त्या जागी बोटभर बटण आहे. ते ओढलं की मागच्या चाकांतून मोटरची क्षणभर घरघर ऐकू येते आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. घरच्या घरी मागचे पॅड बदलल्यावर मात्र पिवळा दिवाच पेटून राहतो, आणि ‘इलेक्ट्रॉनिक म्हणजे नाजूक’ असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. या ब्रेकचा इतिहास तो निकाल उचलून धरत नाही. यंत्र नाजूक झालेलं नाही. ब्रेक कितपत आवळलाय ही खबर पूर्वी हाताला लागायची, ती आता कंप्युटरकडे गेली आहे. घरगुती दुरुस्ती अडते ती तिथे.

१९०८ सालच्या फोर्ड मॉडेल टीमध्ये हाताचा दांडा मागच्या चाकांचे ब्रेक लावायचा आणि त्याच ओढीत गाडी न्यूट्रलमध्येही आणायचा. पुढे पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर गेला, तरी हाताचा ब्रेक केबलवरच राहिला, कारण रात्रभर उभ्या गाडीचा भरवसा गळू शकणाऱ्या तेलावर ठेवणं शहाणपणाचं नव्हतं. ही सावधगिरी नियमांतही उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच नियमानुसार भरलेली गाडी २० टक्के चढावर उभी राहिली पाहिजे, आणि ब्रेक लागल्यावर त्याला धरून ठेवणारी पकड निव्वळ यांत्रिक हवी. २००१ च्या सुमारास बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज आणि लॅन्सिया थेसिस या महागड्या गाड्यांत बटण आलं, तेव्हाही ही अट सुटली नाही. काही रचनांत मोटर जुनी केबलच ओढते. आता रूढ झालेल्या रचनेत ती थेट कॅलिपरवर बसते. तिथे ती गिअरमार्फत आट्यांचा दांडा फिरवते, त्यावरचा नट पुढे सरकतो आणि पिस्टनला रेटतो. आटे असे की एकदा आवळलेला नट आपण होऊन मागे येत नाही. बॅटरी मेली तरी लावलेला ब्रेक सुटत नाही.

आता पिवळ्या दिव्याकडे येऊ. नवे जाड पॅड बसवायचे तर पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याच्या पोटात नट पुढे येऊन उभा असेल तर सी-क्लॅम्प कितीही आवळा, पिस्टन हलत नाही. जास्त जोर केला तर आतलं काहीतरी मोडतं. म्हणून गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये घालून नट मागे न्यायचा. (त्या वेळी पार्किंग ब्रेक सुटलेला असतो, म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे हवेतच.) पॅड बसले की पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, मगच मोड बंद करायचा. कंप्युटर नट पुढे नेतो आणि मोटर किती करंट खाते यावरून पॅड आवळल्याचं ओळखतो. पेडल न मारताच बटण ओढलं तर नट चालतच राहतो, करंट वाढत नाही, आणि कंप्युटर बिघाड नोंदवतो. बिघाड असा काहीच नसतो. काम चालू असताना बॅटरी उतरली किंवा कॅलिपरचं कनेक्टर नीट बसलं नाही, तरी दिवा तोच. त्यामुळे शोध बॅटरीपासून सुरू करावा, मग कनेक्टर, मग नोंदलेला कोड, आणि पाना सगळ्यात शेवटी.

कोणी म्हणेल, जुन्या गाडीत ही भानगड नव्हती. होती. केबलवर चालणाऱ्या अनेक मागच्या कॅलिपरांत पिस्टन फिरवून आत घालावा लागे, आणि सरळ दाबणारे तेव्हाही फसत. दुसरा आक्षेप वजनदार आहे: ब्रेक हे हौशी माणसाचं काम नव्हे. मान्य, पण सर्व्हिस मोडमध्ये जायला बहुधा कंपनीची भाषा जाणणारा स्कॅनर लागतो, आणि हे कुलूप हौशी माणूस आणि तीस वर्षं गॅरेज चालवणारा मेस्त्री असा भेद करत नाही. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालेलं निदानाचं सॉकेट धुरावर लक्ष ठेवण्यासाठी होतं. इंजिनाचे कोड त्यामुळे सर्वांना वाचता येऊ लागले, ब्रेकशी बोलण्याची भाषा मात्र बरीचशी ज्या त्या कंपनीकडे राहिली. स्वस्त स्कॅनर इंजिनाबद्दल भरभरून बोलतो आणि ब्रेकपाशी मुका होतो तो यामुळे. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच प्रकारच्या तक्रारीवर: सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत. त्याविरुद्ध अपिलं झाली, वाद लांबला. कुलूप यंत्रानेच घातलं असतं तर ते सगळ्या गाड्यांना सारखंच लागलं असतं. प्रत्यक्षात काही गाड्यांत पेडल दाबून धरून बटण ठरलेल्या क्रमाने ओढलं-दाबलं की नट मुकाट मागे जातो, स्कॅनरची गरजच पडत नाही. मोटर तशीच असते, आटेही तसेच.