फ्रँकफुर्टची कर्मशाळा

कामगाराचा अंगठा यंत्रात गेला तर त्याची किंमत कायद्याने ठरवून ठेवलेली असे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा, बोटे, डोळा, पाय यांचा शेकडेवारीने हिशेब मांडला होता. डोक्याला मार बसून स्वभाव पालटला, मन खचले, तर त्याचे कोष्टक त्यात नव्हते. आम्हांस ही उणीव फार उशिरा उमगली. ज्यांना ती आधी उमगली, त्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

पहिल्या महायुद्धात डोक्यात गोळी लागूनही वाचलेले पुष्कळ सैनिक जर्मनीत परतले. १९१६ साली कुर्ट गोल्डस्टाइन या मज्जाविकारतज्ज्ञाने त्यांच्यासाठी फ्रँकफुर्ट येथे संस्था काढली. मानसशास्त्रज्ञ अधेमार गेल्ब त्यांचे सहकारी होते. रुग्णालय, मनाच्या परीक्षणाची प्रयोगशाळा आणि हातकामाची कर्मशाळा अशी तिन्ही अंगे तेथे एकत्र होती.

गोल्डस्टाइन यांनी एक साधी गोष्ट पाहिली. जखमी माणसास सोपे गणित घातले आणि ते सुटले, की तो शांत, हसतमुख असे. थोडे अवघड घातले, की तोच माणूस पांढराफटक पडे, थरथरे, चिडे. आणि मग मघाशी येत असलेलेही त्यास येईना. या अवस्थेस त्यांनी 'आपत्ती' अशा अर्थाचे नाव दिले. काही रुग्ण आपल्या वस्तू कमालीच्या टापटिपीने मांडून ठेवीत, नवख्या प्रसंगास टाळीत. हा हट्ट नव्हे, आपत्तीपासून स्वतःला वाचविण्याची धडपड होय, असे गोल्डस्टाइन यांचे मत. मेंदूची इजा आणि मनाची व्यथा वेगवेगळी तोलता येत नाही. माणसाला झेपेल असे काम व त्याला सोसेल अशी भोवतालची रचना हाच उपचाराचा पाया, हे त्यातून निघाले.

हे वाचताना आम्हांस आमचा एक सभासद आठवला. क्रेनचा हूक डोक्याला लागला. महिन्याभरात टाके सुकले, तो कामावर आला. पुढे तो फोरमनवर धावून जाऊ लागला, मधूनच रडू लागला. मेंदूचे डॉक्टर म्हणत, हा मनाचा रोग. मनाचे डॉक्टर म्हणत, हा मेंदूचा. कंपनीने बेशिस्तीचे आरोपपत्र दिले. आम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलो खरे, पण खाजगीत त्यालाच म्हणालो, "बाबा रे, रागाला आवर घाल." तो काय सांगत होता, ते आम्ही ऐकलेच नाही.

१९३३ साली नाझींनी गोल्डस्टाइन यांना अटक केली. ते ज्यू होते आणि समाजवादी डॉक्टरांच्या संघटनेतही होते. देश सोडण्याच्या अटीवर त्यांची सुटका झाली. पुढे अमेरिकेत, १९४२ साली, युद्धातील मेंदूच्या जखमांवर त्यांचा ग्रंथ निघाला. येहूदा बेन-यिशाय यांनी १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथे मेंदूची इजा झालेल्या प्रौढांसाठी दिवसभराचे समूह-उपचार उभे केले, त्यांच्या मुळाशी हाच विचार होता.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मनोविकारास २१ प्रकारांच्या यादीत स्थान दिले. अपघाती मेंदू-इजेचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही. ते यावे म्हणून झगडणे हे संघटनेचेच काम आहे. तोवर एवढे तरी करू या: डोक्याला मार बसलेला सोबती चिडला, तर आधी त्याला विचारू, "कोणते काम झेपत नाही?"