पात्याचा आवाज आणि पाचवा घात

वेताची छडी हवेत जोरात फिरवली की ‘सूंऽ’ असा आवाज येतो. छडी तर कशावरही आपटलेली नसते. मग आवाज केला कोणी? पवनचक्कीच्या पात्यांच्या आवाजाचा इतिहास याच प्रश्नापासून सुरू होतो.

१८७८ साली स्ट्रौहाल या शास्त्रज्ञाने ताणलेल्या तारा हवेत गोल फिरवून पाहिल्या. आवाजाची वारंवारता वेगाच्या सम प्रमाणात आणि तारेच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असे त्याला आढळले. तारेच्या ताणाशी तिचा संबंध नव्हता. तारेमागे एकाआड एक सुटणारे हवेचे भोवरे हे त्याचे कारण, हे पुढे उलगडले.

१९५२ मध्ये जेट विमानांच्या गोंगाटाचा विचार करताना लाइटहिल यांनी दाखवले की, खवळलेली हवा स्वतःच ध्वनी निर्माण करते आणि त्याची शक्ती वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. १९७० मध्ये फौक्स विल्यम्स व हॉल यांनी याच भोवऱ्यांजवळ पात्याची धारदार कड असेल तर काय होईल, याचे गणित मांडले. उत्तर आले पाचवा घात. घात कमी म्हणजे आवाज कमी, असे मात्र नव्हे. वेग निम्मा केला तर आठव्या घाताचा ध्वनी २५६ पटींनी घटतो, कडेचा फक्त ३२ पटींनी. म्हणूनच जेटपेक्षा संथ असलेल्या पात्यांच्या बाबतीत कडेचा आवाज महत्त्वाचा ठरतो. पात्याच्या पुढच्या कडेवर भोवरे आदळले की काय होते, याचे गणित १९७५ मध्ये अमिएट यांनी केले.

हे सारे संशोधन मुख्यतः विमाने व हेलिकॉप्टर यांच्यासाठी होते. पवनचक्कीवाल्यांना त्याची गरज कळली ती १९७९ मध्ये, अमेरिकेतील बून गावी. तेथे डोंगरावर नासाच्या देखरेखीखाली ‘मॉड-१’ ही २ मेगावॉटची पवनचक्की उभी राहिली. तिच्या चक्राचा व्यास होता ६१ मीटर. पाती मनोऱ्याच्या मागच्या, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला होती. मनोऱ्याच्या खांबांमागे हवा खवळलेली असे. प्रत्येक पाते त्यातून जाताना त्यावरील दाब एकदम बदले आणि ‘धप्प’ असा आवाज होई. आसपासच्या काही घरांत तो ऐकू येई, हादराही जाणवे. लोकांनी तक्रारी केल्या. अखेर चक्राची गती मिनिटाला ३५ फेऱ्यांवरून २३ वर आणावी लागली. पात्याच्या टोकाचा वेग त्यामुळे सेकंदाला ११२ मीटरवरून ७३ मीटरवर आला. (हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.) पुढे पाती मनोऱ्याच्या पुढे बसवण्याची पद्धत रूढ झाली.

पण मनोऱ्यामागचे भोवरे टाळले, तरी पात्याच्या स्वतःच्या पृष्ठालगत तयार होणारे भोवरे कसे टाळणार? १९८९ मध्ये ब्रुक्स, पोप व मार्कोलिनी यांनी वातबोगद्यातील मोजमापांवरून या आवाजाचा अंदाज देणारी सूत्रे प्रसिद्ध केली. आजही ती वापरली जातात. मात्र वातबोगद्यातला वारा शिस्तीचा असतो, डोंगरावरचा नसतो. त्यामुळे जागेवरच्या वाऱ्याचा खवळलेपणा मोजल्याशिवाय अंदाज पुरा होत नाही. हा हिशेब चक्की उभारण्यापूर्वीच करायचा असतो. नंतर केला, तर त्याची किंमत शेजारच्या माणसांची झोप चुकवते.

वर्गात छडी आधी हळू, मग जोरात फिरवून आवाज कसा चढतो ते विद्यार्थ्यांना ऐकवा. छडीचा याहून चांगला उपयोग क्वचितच होईल.