धुऱ्यावर पडलेला पाऊस समुद्रापर्यंत कसा जातो

आजची नोंद लांब आहे. डवरणीची कामं आटोपून निवांत बसले असाल तेव्हाच वाचा. यात बियाण्याची, फवारणीची गोष्ट नाही. पाण्याची आहे, थोडी इतिहासाची आहे, आणि शेवटी माझ्या एका चुकीची आहे.

आमचं वावर हिंगणा तालुक्यात, उंचवट्यावर. मधातून जुना धुरा जाते. पावसाळ्यात त्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभं राहिलं की एक गंमत दिसते. उगवतीकडचं पाणी लाव्ह्याच्या बाजूनं खाली उतरते, अंबाझरी तलावात जाते आणि तिथून नाग नदीतून नागपूर शहरात. मावळतीकडचं पाणी आमच्या नाल्यानं वेणा नदीत. म्हणजे माझ्या एका पायाखालचं पाणी एका नदीचं आणि दुसऱ्या पायाखालचं दुसऱ्या नदीचं. कृषीवाले साहेब याला पाणलोटाची सीमा म्हणतात. आमचे आजोबा नुसतं "पाणीफाटा" म्हणत. शब्द दोन, गोष्ट एकच.

नाग नदी पुढं पिली नदीला घेऊन कन्हानला मिळते. कन्हान छिंदवाड्याच्या सातपुड्यातून येते आणि कामठीजवळ पेंचला पोटात घेते. कुही तालुक्यात आंभोऱ्याला ती वैनगंगेत जाते. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावची. तिथून ती पवनी, ब्रह्मपुरी, वडसा करत गडचिरोलीच्या अंगानं दक्षिणेला उतरते.

वेणा बुटीबोरीकडून हिंगणघाटला जाते आणि वर्धा नदीत मिळते. वर्धा बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईकडची. त्याच मुलताईत तापी उगमते. तापी गेली पश्चिमेला, सुरतेजवळ अरबी समुद्रात. वर्धा वळली दक्षिणेला, तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. दोघींची माहेरं शेजारी-शेजारी, सासर मात्र देशाच्या दोन टोकांना. जमिनीचा उतार जिकडं, नदी तिकडं.

वर्धेला खाली पैनगंगा मिळते. मग चपराळ्याच्या जंगलाकडं वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून नाव पडते प्राणहिता. म्हणजे माझ्या धुऱ्यावर फुटलेलं पाणी शेकडो किलोमीटर वेगवेगळं फिरून पुन्हा एकाच पात्रात येते! प्राणहिता ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी पुढं भद्राचलम, राजमहेंद्री करत जाते, दवळेश्वरमच्या खाली फुटते, आणि तिची वसिष्ठा नावाची शाखा अंतर्वेदीजवळ समुद्राला मिळते.

गोदावरी म्हटलं की आपल्याला नाशिक-पैठण आठवते. पण तिचं खोरं ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचं, आणि त्यातलं १ लाख ९ हजार एकट्या प्राणहितेचं. एक तृतीयांशाहून जास्त! म्हणजे राजमहेंद्रीला जो अफाट पूर दिसते त्यात आपल्या विदर्भाच्या नाल्या-ओढ्यांचा वाटा मोठा आहे. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फाचं पाणी येते. आपल्याला बर्फ कुठून? चार महिने आभाळातून जे पडते तेच. त्यातलं जमिनीत मुरलेलं हळूहळू पाझरून हिवाळ्यात नदीला चालवते. मुरलंच नाही तर दिवाळीनंतर नदी कोरडी.

आता इतिहास.

माणूस या नद्यांच्या काठी फार जुन्या काळापासून आहे. आमच्याच तालुक्यात टाकळघाटला दगडांची वर्तुळं आणि लोखंडाची अवजारं उत्खननात निघाली. वैनगंगेकाठी पवनीला १९६९-७० मध्ये खोदकाम झालं तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप मिळाला. कुही तालुक्यातल्या अडमला अख्खं तटबंदीचं जुनं नगर सापडलं. गोंड राजांनी बल्लारपूरचा किल्ला वर्धेच्या काठावरच बांधला. भंडारा-चंद्रपूरकडं कोहळी लोकांनी उतार पाहून तलाव बांधले. तेच आज आपण मामा तलाव म्हणतो, माजी मालगुजारी. त्या लोकांजवळ ना दुर्बीण ना नकाशा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, खालच्याचा आणखी खालच्या बांधीत. पाणी थेट नदीत पळू द्यायचं नाही, थांबत-थांबत जाऊ द्यायचं, एवढं त्यांना कळत होतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ते बरंच झालं. पण तलावांचा गाळ काढणारा मालकही गेला, आणि कितीतरी तलाव गाळानं भरले.

मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते एका इंग्रजी योजनेचं. आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांना ती माहीत आहे.

आर्थर कॉटन नावाचा इंजिनीयर होता. त्यानं १८४७ ते १८५२ मध्ये दवळेश्वरमचा बंधारा बांधला आणि गोदावरीचा खालचा प्रदेश भातानं हिरवा केला. आजही तिथले शेतकरी त्याच्या पुतळ्याला हार घालतात. या कॉटनचं म्हणणं होतं की देशाला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. त्या वेळी, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. सगळ्यांचे डोळे वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसावर. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला. पण तो बंदरापर्यंत न्यायचा कसा? बैलबंडीनं जायला महिने लागत, वाटेत पावसानं गाठलं तर गाठोड्यांचा नास.

मग ठरलं की वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून नावांनी कापूस थेट पूर्वेच्या किनाऱ्यावर न्यायचा. म्हणजे माझ्या नाल्याचं पाणी ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं माझ्या पणज्याच्या काळचा कापूस! अडचण तीन जागी होती. नदीच्या पात्रात खडकांचे मोठे पट्टे आडवे पडले होते. पहिला दुम्मागुडमजवळ, दुसरा इंचमपल्लीजवळ, तिसरा प्राणहितेत देवलमरीजवळ. खडकांना वळसा घालून कालवे खोदायचे, बंधारे घालायचे, नावा चढवायला-उतरवायला दारं बसवायची, असं ते काम. हेग नावाचा इंजिनीयर त्यावर होता. सिरोंचा तेव्हा 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचं ठिकाण होतं. जंगल दाट, हिवतापाचा मुलूख, आणि नदीला नावा चालण्याइतकं पाणी वर्षातले काहीच महिने.

इकडं १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला येऊन पोचली. पुढं हिंगणघाटलाही रूळ गेले. कापूस रुळावर चढला आणि मुंबईला जाऊ लागला. १८७१ मध्ये सरकारनं गोदावरीचं काम बंद केलं. दुम्मागुडमचा बंधारा तेवढा राहिला.

मी यावर पुष्कळ विचार केला. ती योजना पैशानं हरली, रेल्वेनं हरवली, हे खरं. पण मुळात ती नदीच्या स्वभावाविरुद्ध होती. आपली नदी चार महिने अंगावर येते आणि आठ महिने अंग चोरते. तिला बारमाही समजून जे काही बांधाल ते फसेल.

आणि तिचा अंगावर येण्याचा इतिहासही आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातल्या मोवाड गावात २०४ माणसं गेली. मी तेव्हा तरुण होतो. त्या बातम्यांनी आमच्या गावात कितीतरी दिवस चुली नीट पेटल्या नाहीत. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या पावसानं पेंच, कन्हान, वैनगंगा एकदम फुगल्या. गोसीखुर्दची ३३ ही दारं उघडावी लागली आणि भंडारा ते गडचिरोली धान पाण्याखाली गेलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, आणि जिला लोक नाला म्हणून नाक दाबत होते त्या नाग नदीनं आपण नदी असल्याचं दाखवून दिलं.

गोसीखुर्दचं नाव निघालं म्हणून सांगतो. २२ एप्रिल १९८८ ला त्याचं भूमिपूजन झालं. तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी, पुढं तो हजारो कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर भिजवायचं धरण. त्यासाठी कुहीकडची आणि भंडाऱ्याकडची कितीतरी गावं उठली. त्याच जलाशयात आपल्या नागपूरचं सांडपाणी नाग नदीनं जाऊन मिळते. शहर घाण करते आणि खालचा माणूस ते पाणी पाहून घेते. नाग नदी साफ करायची १,९२७ कोटींची योजना मंजूर आहे. ती पूर्ण होवो.

आता माझी चूक.

२०१० मध्ये मी माझ्या वावरातला नाला जेसीबी लावून अरुंद केला. नकाशावर तो बराच रुंद आहे. पण उन्हाळ्यात कोरडा पाहून मला वाटलं, एवढी जागा वाया काऊन घालवायची? काठ आत सारले, माती भरली, पऱ्हाटीचे आठ तास वाढले. बारा वर्षं ते आठ तास पिकले. मी खूश होतो.

जुलै २०२२ च्या पावसात एका रात्री नाला आपल्या जुन्या जागी परत आला. माझे आठ तास तर गेलेच, त्यांच्या बाजूची चांगली कन्हारही खरडून नेली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी ही नोंद लिहिली नसती. अरुंद पात्रातून जोरानं निघालेलं पाणी खालच्या वावरात घुसलं. तिथं एका काकांनी दोन वर्षांची संत्र्याची कलमं लावली होती. चाळीस कलमं वाळू-गोट्याखाली गेली.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. ते धुऱ्यावर बसले होते. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाबू, पाणी देवाचं असते. पण हा गाळ तुह्या वावरातला आहे. वरच्यानं खालच्याचं पाहावं ना."

मी काही बोलू शकलो नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या दारात गेलो नाही.

तेव्हा वाटत होतं नुकसान पावसानं केलं. मग हा सगळा इतिहास वाचत गेलो, खोऱ्याचा नकाशा पाहत गेलो, आणि कळलं. नागपूर शहर गोसीखुर्दवाल्यांना जे करते तेच मी काकांना केलं. फरक फक्त मापाचा. प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी. माझ्या वर टेकडीवाले, माझ्या खाली काका, काकांच्या खाली हिंगणघाट, त्यांच्या खाली चंद्रपूर, सिरोंचा, आणि शेवटी अंतर्वेदीचा मासेमार.

मागच्या उन्हाळ्यात नाला नकाशाप्रमाणं मोकळा केला. आठ तास सोडले. काठावर बांबू आणि खस लावलं. उताराला आडवी पेरणी धरली, म्हणजे प्रत्येक तास छोटा बांध होते. धुऱ्याच्या माथ्यावर सलग समतल चर काढले. काम माथ्यापासून पायथ्याकडं करा, हे साहेब लोक किती वर्षांपासून सांगतात. आपण नेहमी पायथ्यालाच खोल खड्डा खणून बसतो. वरचं पाणी वरच थांबलं तर खालचा नाला शांत राहते, आणि विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकते. काकांना चाळीस कलमं आणून दिली. त्यांनी वीस ठेवली, वीस परत केली. म्हणाले, "अर्धा पाऊसही होता."

आता वैनगंगेचं पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्यानं बुलढाण्याच्या नळगंगेला न्यायची योजना आहे. नळगंगा तापीच्या खोऱ्यातली. म्हणजे पूर्व समुद्राकडं निघालेलं पाणी माणूस उचलून पश्चिमेकडच्या खोऱ्यात नेईल. कोरडवाहू भावांना पाणी मिळावं, माझी ना नाही. फक्त गोदावरीच्या त्या तीन खडकांची गोष्ट कोणी विसरू नये. नदीचं वर्षभराचं मोजमाप आधी, खोदकाम मागून.

भूजल खात्यानं महाराष्ट्राचे दीड हजाराच्या वर पाणलोट पाडले आहेत. तुमच्या गावाचा क्रमांक डब्ल्यूआरनं सुरू होत असेल तर तुम्ही वर्धेचे, डब्ल्यूजीनं होत असेल तर वैनगंगेचे. ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहायकाला विचारून पाहा. आणि गाव नकाशा काढून तुमच्या नाल्याची खरी रुंदी एकदा बघा. आज तो किती उरला आहे तेही मोजा.

मग सांगा, तुमच्या धुऱ्यावरचं पाणी कुठं जाते, आणि तुमच्या खाली कोणाचं वावर आहे?