अंबाझरीची बाग कुणाची?

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आम्हाला खुल्या झाल्या, पण कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा त्या ठरावात जीव आला.

आज जात विचारून कुणी अडवत नाही. जागाच खासगी कंपनीला देतात, मग तिकीट लावतात. नागपूरच्या अंबाझरी उद्यान परिसरातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ मध्ये, करोनाच्या काळात पाडले गेले. कारण पर्यटन प्रकल्प! त्याविरुद्ध २०२३ मध्ये धरण्याला बसल्या त्या आमच्या आयाबहिणी, आणि एक-दोन दिवस नव्हे, महिनोन्‌महिने. (पुढारी फोटोपुरते आले, हेही लिहून ठेवू.) १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगचे काम जनतेने बंद पाडले, तेव्हा सरकारला स्थगिती द्यावीच लागली.

माजिवड्यात टॉवरांच्या सावलीत राहणाऱ्या आम्हाला हा इतिहास परका नाही. विकास आराखड्यातले बागेचे आरक्षण बदलायचे तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मित्रांनो, ती नोटीस आपल्यापैकी किती जणांनी कधी वाचली आहे?